तेरीज जुळेपर्यंत

आमच्या बँकेची संगणक प्रणाली चालवणाऱ्या कंपनीशी झालेल्या जुन्या करारात बाहेर पडण्याबद्दल एकच वाक्य होतं : ‘करार संपुष्टात आल्यानंतर बँकेचा डेटा बँकेस परत करण्यात येईल.’ कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, कुणाच्या खर्चानं, सोबत कागदपत्रं कोणती, यातलं काहीच नाही. सह्या झाल्या तेव्हा ते कुणाला खटकलंही नव्हतं. लग्नाची बैठक चालू असताना काडीमोडाची बोलणी कोण करतो?

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागाचं काम मी बघतो. ठेवी हजार कोटींच्या वर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत आम्ही टियर तीनमध्ये. आमचं कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच ठिकाणी ठेवणारी प्रणाली, एक कंपनी तिच्या डेटा सेंटरमधून चालवत होती. तिला सोडून आम्ही दुसरीकडे गेलो, त्याची ही हकिगत. नवी कंपनी कशी निवडावी हे सांगणारे सल्लागार पुष्कळ भेटतात. जुनी सोडताना काय होतं हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून तेवढंच जरा सविस्तर लिहितोय.

आधी आमचे सर्व्हर बाहेर गेले कसे ते सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ पर्यंत सगळं घरचं होतं. मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एसीची खोली, त्यात दोन रॅक, बाहेर चपला काढा असा फलक. त्या महिन्यात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. दुसऱ्या मजल्याला पाणी लागण्याचा प्रश्नच नव्हता. पण जनरेटर तळमजल्यावर, डिझेलची पिंपंही तिथंच. यूपीएसच्या बॅटऱ्या दमल्या आणि सर्व्हर बसले. मग ज्या गावांत पावसाचा थेंब नव्हता तिथल्या शाखाही बंद. काउंटरवर रोकड आहे, रोखपाल आहे, दारात खातेदार आहे, पण खात्यात किती शिल्लक आहे हे कुणाला सांगता येत नाही.

त्यानंतरच्या संचालक मंडळाच्या बैठकीत ‘ही कटकट आपल्याकडं नकोच’ यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि ते चुकीचंही नव्हतं. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीनंच होस्टिंगचा प्रस्ताव ठेवला : मुख्य डेटा सेंटर एका शहरात, पर्यायी केंद्र दुसऱ्या शहरात, शाखेमागे महिन्याचं भाडं, यंत्रसामग्रीचा भांडवली खर्च शून्य. २०२० च्या लॉकडाउनमध्ये, निम्मे लोक घरून व्हिडिओवर, अशा अवस्थेत करार झाला. मसुदा कंपनीचाच होता. आमच्या वकील साहेबांनी लवादाचं ठिकाण मुंबईऐवजी सांगली करून घेतलं, बाकी फारसं काही बदललं नाही.

त्या कंपनीला श्रेय द्यायला हवं तिथं देतो. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला, आमच्या काही शाखांत पाणी शिरलं, पण उरलेल्या सगळ्या शाखा दिवसभर चालू होत्या. पाण्यातल्या शाखेचा खातेदार शेजारच्या गावात जाऊन पैसे काढून आला. ज्यासाठी बाहेर गेलो ते काम झालं होतं.

बिघडत गेलं ते हळूहळू, आणि तक्रारवहीत न दिसणारं. आयटी विभागाला आमच्याकडं अजून सगळे ईडीपीच म्हणतात. त्या ईडीपीतली माणसं ‘आता इथं काम काय?’ म्हणून एकेक करून शाखांत बदलून गेली. कुणी शाखाधिकारी झाला, कुणी वसुलीला. परिणाम असा की आपल्याच डेटातून एखादी यादी काढायची तर बँकेत ती काढणारा माणूस उरला नाही. लेखापरीक्षकांनी मागितलं, वर्षभरात एकाच दिवशी बंद होऊन पुन्हा उघडलेली सोनेतारण कर्जं दाखवा. पूर्वी हे दुपारच्या चहाआधी व्हायचं. आता तिकीट टाकायचं, म्हणजे कंपनीकडं मागणी नोंदवायची, तिकिटाला उत्तर येणार की हे सपोर्टमध्ये बसत नाही, चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची वेगळी मागणी टाका, आणि मग मनुष्यदिवसांचा दर लावलेलं कोटेशन. भाडं स्वस्त ठेवायचं आणि बदल महाग विकायचे, हे या धंद्याचं उघड गणित आहे. त्यात फसवणूक काही नाही. फक्त निविदेच्या तक्त्यात भाडं दिसतं, बदल दिसत नाहीत.

रिझर्व्ह बँकेनं १० एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान सेवांच्या आउटसोर्सिंगबद्दल निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. नागरी बँकांपैकी टियर एक आणि दोन त्यातून वगळल्या, तीन आणि चार आत. जुने करार नूतनीकरणाला येतील तेव्हा त्यांना नवे नियम लावायचे, आणि कितीही लांबवलं तरी निर्देशांपासून ३६ महिन्यांच्या आत. म्हणजे आमच्या करारात बँकेला आणि रिझर्व्ह बँकेला कंपनीची तपासणी करण्याचा हक्क पाहिजे, कंपनी ज्यांना पुढं काम देते त्या पोटकंत्राटदारांचीही. सायबर घटना घडली तर ती सहा तासांत रिझर्व्ह बँकेला कळवायची, आणि ते सहा तास कंपनीच्या लक्षात आल्यापासून मोजायचे, आपल्याला कळल्यापासून नाही. कंपनीनं रात्री दोनला पाहिलं आणि आम्हाला सकाळी सातला फोन केला, तर आमच्या हातात एकच तास.

कंपनीचं म्हणणं पडलं, आमची तपासणी करा, पण डेटा सेंटर आमचं नाही, भाड्याचं आहे, त्यांच्याकडं तुम्हाला पाठवता येणार नाही. शिवाय नूतनीकरणाचा दर वाढवून आला. मंडळात यावर महिनोन्‌महिने ‘बघू’ चाललं होतं. मग जुलै २०२४ आला. १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बसली. ३१ तारखेला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं, छोट्या बँकांना प्रणाली पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला किरकोळ पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं, कारण तिच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्यांचा हल्ला झाल्याची शक्यता होती. बातम्यांत आकडा आला सुमारे ३०० छोट्या बँकांचा, त्यात सहकारी पुष्कळ. आमची कंपनी ती नव्हती. पण दुसऱ्या दिवशी आमच्याही शाखांत ‘आपलं यूपीआय चालू आहे ना?’ विचारणारे खातेदार आले. त्यानंतरच्या बैठकीत विषय पत्रिकेवर सातवा होता, अध्यक्ष साहेबांनी तो पहिला घेतला.

मी त्या बैठकीत ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं उदाहरण ठेवलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी नव्या प्रणालीवर उडी मारली. डेटा नीट पोचला, पण प्रणाली भार पेलू शकली नाही आणि लाखो खातेदार आपल्याच खात्याबाहेर राहिले. बँकेला पुढं ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. मंडळाच्या चेहऱ्यावर फारसा फरक नाही. मग पुढची ओळ वाचली : तिथल्या माजी मुख्य माहिती अधिकाऱ्याला, कार्लोस अबार्का यांना, आउटसोर्सिंगच्या जोखमीवर नीट देखरेख ठेवली नाही म्हणून ८१,६२० पौंडांचा वैयक्तिक दंड झाला, एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे आपले निर्देश आले त्याच आठवड्यात. ‘वैयक्तिक म्हणजे खिशातनं?’ एका संचालकांनी विचारलं. त्यानंतर निविदेला मंजुरी मिळायला वेळ लागला नाही.

निविदेच्या वेळी व्हायचा तो वाद झालाच. ‘अहो, सगळ्यात कमी दर ज्याचा त्याला द्या की. सॉफ्टवेअर सगळ्यांचं सारखंच.’ शेवटी तांत्रिक गुणांना ७० आणि दराला ३० असं वजन ठरलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळीकडं तसंच होतं. मला दोन कलमांवर लिहायचंय, कारण भांडण तिथं झालं आणि ते करण्याजोगं होतं.

एक, उपलब्धता, म्हणजे महिन्यातला किती वेळ प्रणाली चालू राहील याची हमी. सगळे ९९.५ टक्के लिहितात. तीस दिवसांच्या महिन्यात तास ७२०, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. ती पहाटे तीनला गेली काय आणि महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकराला गेली काय, जुन्या करारात हिशेब एकच. आणि मोजायचं कुठं? कंपनी म्हणे सर्व्हरपाशी. सर्व्हर चालू, पण शाखेच्या स्क्रीनवर चाक फिरतंय, तरी अहवालात उपलब्धता शंभर टक्के. आम्ही आग्रह धरला की मोजमाप शाखेच्या काउंटरवर होईल, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा वेगळं धरलं जाईल, आणि पैसे काढण्याचा व्यवहार ठरावीक सेकंदांत पूर्ण झाला नाही तर प्रणाली बंद समजली जाईल. दोन कंपन्यांनी यावरून निविदा भरलीच नाही. जी आली तिनं शाखा आणि डेटा सेंटर यांच्यामधली लाइन आपल्याच जबाबदारीत घेतली आणि त्याचे पैसे लावले. ते पैसे वसूल आहेत असं माझं मत आहे. नाहीतर लाइनवाला सॉफ्टवेअरवाल्याकडं बोट दाखवतो, सॉफ्टवेअरवाला लाइनवाल्याकडं, आणि शाखाधिकारी मला फोन करतो.

दुसरं कलम बाहेर पडण्याचं. या वेळी ते वाक्य न राहता वीसेक पानांचं परिशिष्ट झालं. डेटा कोणत्या स्वरूपात, प्रत्येक टेबल आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी डेटा डिक्शनरी दर सहा महिन्यांनी बँकेकडं जमा, मदतीच्या मनुष्यदिवसांचा दर आजच ठरलेला, शेवटच्या तिमाहीचं बिल डेटा नष्ट केल्याचा दाखला मिळेपर्यंत राखून. नव्या कंपनीचा विक्री अधिकारी हसून म्हणाला, ‘साहेब, अजून आलो नाही तोच घालवायच्या गोष्टी?’ मी म्हटलं, मागच्या वेळी या गोष्टी राहिल्या, त्याचा अनुभव घेतोय सध्या.

आणि तो अनुभव खरोखरच चालू होता. जुन्या कंपनीनं करारातल्या वाक्याप्रमाणं डेटा दिला. पूर्ण दिला, वेळेत दिला. एक डेटाबेस डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एकगठ्ठा प्रत, आत शेकडो टेबलं, टेबलांची नावं म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि आकडे. कुठल्या रकान्यात काय आहे हे सांगणारा कागद नाही. तो मागितला तर उत्तर आलं : डेटा बँकेचा, रचना ही कंपनीची बौद्धिक संपदा. समजावून सांगायला माणूस हवा असेल तर मनुष्यदिवसाचा दर खालीलप्रमाणे. रिझर्व्ह बँकेचे निर्देश म्हणतात की सेवा देणाऱ्यानं बँकेला आणि नव्या कंपनीला पूर्ण सहकार्य करायचं. ते आम्ही पत्रात उद्धृत केलं. त्यावर त्यांचं उत्तर, आमचा करार २०२० चा आहे. पत्रापत्रीत वेळ गेला, शेवटी मर्यादित दिवसांचे पैसे मोजून त्यांचा एक अभियंता मिळाला. मुलगा सज्जन होता, पण त्याच्या कंपनीतला मूळ प्रोग्रॅम लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेलेला. म्हणजे जी संपदा ते आम्हाला देत नव्हते ती त्यांच्याकडंही पूर्ण नव्हती.

मग आठवण झाली अण्णांची. अण्णा म्हणजे आमचे निवृत्त ईडीपी प्रमुख. शाखांत पहिले संगणक आले तेव्हापासूनचे. मी फोन केला, ‘अण्णा, थोडं काम होतं.’ ते म्हणाले, ‘मला वाटलंच होतं फोन येणार. गाडी पाठवू नका, एसटीनं येतो.’ त्यांना सल्लागार म्हणून मानधनावर घेतलं. नव्या कंपनीची डेटा स्थलांतराची पोरं पंचविशीतली, लॅपटॉप उघडून बसलेली. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्या दिवशी प्रश्न विचारला, ‘हा डी तुम्ही काय धरलाय?’

खात्याच्या स्थितीच्या रकान्यात ‘डी’ होता. पोरांनी सरसकट डॉरमंट, म्हणजे निष्क्रिय धरला होता, आणि बचत खात्यांत ते बरोबर होतं. सभासदांच्या टेबलात मात्र ‘डी’ म्हणजे डिसीज्ड, मयत. तसंच पुढं गेलं असतं तर मयत सभासद नव्या प्रणालीत फक्त निष्क्रिय ठरले असते, एक केवायसी केली की चालू. लाभांश, वारसनोंद, सभेची नोटीस, सगळ्याचा घोळ. कर्जाच्या टेबलात आणखी एक रकाना होता, त्यात १ किंवा २. जुन्या कंपनीच्या अभियंत्यालाही माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, ‘तो मीच वाढवून घेतला होता. एक छोटी बँक आपल्यात विलीन झाली ना, तिच्या कर्जांना जुन्याच पद्धतीनं व्याज लावायचं होतं.’ असं ते रोज तासन्‌तास सांगत होते आणि आमची एक मुलगी वहीत उतरवत होती. ती वही पुढं टाइप झाली. बँकेची पहिली डेटा डिक्शनरी ती हीच.

पत्त्याच्या रकान्यांची गंमत वेगळीच. पत्ता-१, पत्ता-२, पत्ता-३. तिसरा बहुतेकांचा रिकामा, म्हणून शाखांनी वर्षानुवर्षं तो शेरा लिहायला वापरलेला. ‘सोनेतारण बोजा.’ ‘सही जुळत नाही, बघून घेणे.’ ‘भावांत वाद, दोघे आल्याशिवाय देऊ नये.’ एका ठिकाणी फक्त ‘सावध’. नव्या प्रणालीत पत्ता पासबुकाच्या पहिल्या पानावर छापला जातो. म्हणजे खातेदाराच्या हातात ‘सावध’ असं छापून गेलं असतं. नुसतं पुसूनही चालणार नव्हतं, कारण त्यातले काही शेरे खरोखरचे बोजे होते, ज्यांची दुसरीकडं कुठंच नोंद नव्हती. शेवटी प्रत्येक शाखेला यादी छापून दिली, शाखाधिकाऱ्यानं प्रत्येक ओळीपुढं लिहायचं : बोजा, सूचना, की रद्द. शिव्या पडल्या, पण याद्या परत आल्या.

मराठी नावांचं दुखणं आणखी जुनं. सभासदांची मराठी नावं नव्वदच्या दशकापासून भरलेली, म्हणजे युनिकोड, कुठल्याही संगणकावर सारखीच उघडणारी अक्षरपद्धत, रूढ होण्याच्या आधीची. त्या त्या फॉन्टच्या संकेतांत साठवलेली, त्यामुळं नव्या प्रणालीत उघडलं की चिन्हांचा ढीग. परिवर्तक वापरून बहुतेक नावं सरळ झाली. अडलं ते रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्ह’ यांच्यावर. कुऱ्हाडे, गोऱ्हे मंडळींची नावं हातानं दुरुस्त करावी लागली. नव्या कंपनीचं म्हणणं होतं, इंग्रजी नाव आहे ना, मराठी हवंय कशाला. त्यांना सांगावं लागलं की संचालक मंडळाच्या निवडणुकीची मतदार यादी याच नोंदवहीतून निघते आणि नावातला एक काना हरकतीला पुरतो. हे सांगितल्यावर मंडळाकडून मराठी नावांसाठी जादा माणसं लगेच मंजूर झाली.

एवढं झाल्यावर चाचणी स्थलांतरं सुरू झाली. डेटा ओतायचा, मग दोन्हीकडची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे शिलकांचा गोषवारा, काढायची आणि खातेशीर्षकानुसार ताडून बघायची. पहिल्यांदा फरक कोटींत होता, तो अपेक्षितच होता. उरलेल्या फरकांत एक मुदत ठेवींच्या व्याजाचा होता. खात्यामागे दोन-चार रुपये, पण खाती हजारो. कारण सापडलं लीप वर्षात. एक लाखाच्या ठेवीवर साडेसात टक्क्यांनी ६० दिवसांचं व्याज ३६५ नं भागलं तर १,२३२ रुपये ८८ पैसे होतं, ३६६ नं भागलं तर १,२२९ रुपये ५१ पैसे. जुनी प्रणाली कायम ३६५ नं भागत होती, नवी २०२४ मधल्या दिवसांना ३६६ नं. कोण बरोबर यावर पोरं वाद घालायला लागली, तेव्हा आमच्या ठेव विभागाच्या मॅडमनी प्रश्न एका वाक्यात मिटवला : ‘पावतीवर मुदतअखेरची रक्कम छापलीय ना? मग तीच द्यायची.’ जुन्या ठेवींची मुदतअखेरची रक्कम आहे तशी नेली, नवा हिशेब नव्या ठेवींपासून.

शेवटी एक फरक राहिला, आणि तो हलेना. पूर्णांकातली, पैसे नसलेली, कितीही वेळा ओतलं तरी तीच रक्कम. असा फरक राहिला की समजावं, हिशेब चुकलेला नाही, काहीतरी आलेलंच नाही. नव्या प्रणालीनं चालू शाखांचीच शीर्षकं उचलली होती. विलीन झालेल्या बँकेची एक शाखा आम्ही पूर्वी बंद केली होती. शाखा बंद, पण तिच्या नावावरची इमारतीची अनामत जागामालकाशी वाद चालू म्हणून तशीच उभी होती. अण्णांना ती रक्कम तोंडपाठ होती. त्या संध्याकाळी तेरीज जुळली, आणि अण्णांनी सवयीनं कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालून सही केली. संगणकाच्या अहवालावर सहीची जागा नव्हती.

प्रत्यक्ष बदलासाठी दुसरा शनिवार, रविवार आणि त्याला जोडून आलेली सोमवारची सुट्टी धरली. मार्चअखेर मुद्दाम टाळली, जरी दोन संचालकांना ‘नवं वर्ष, नवी वही’ हे फार आवडलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पिग्मी एजंटांची यंत्रं रिकामी करून घेतली. ती माणसं सुट्टी घेत नाहीत, त्यांना तीन दिवस पावतीपुस्तकं दिली. यूपीआय आणि आयएमपीएस बंद राहणार हे खातेदारांना आधी एसएमएसनं कळवलं होतं. एटीएम पूर्ण बंद केली नाहीत. शुक्रवारच्या शिलकांची फाइल एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या स्विचवर चढवली आणि कार्डामागे ठरावीक रकमेपर्यंतच पैसे निघतील अशी मर्यादा घातली. दिवसअखेर झाली, शेवटचा डंप निघाला, तो दोन्ही कंपन्यांच्या माणसांसमोर मोजून पडताळून पुढं गेला.

टीएसबीचं वाचलं असल्यामुळं दोन्ही डेटा सेंटरवर आधीच भाराची चाचणी करून घेतली होती, एकावरच नाही. रविवारी सगळे शाखाधिकारी शुक्रवारच्या छापील शिलका घेऊन शाखेत आले. मोठ्या ठेवी, सगळी कॅश क्रेडिट खाती, रोख शिल्लक आणि सोन्याच्या पिशव्यांची संख्या त्यांनी नव्या स्क्रीनवर ताडली आणि होय किंवा नाही एवढंच कळवलं. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत एका शाखेकडून जरी ‘नाही’ आलं असतं आणि कारण सापडलं नसतं, तर जुन्यावर परत. ही वेळ आधीच मंडळाच्या ठरावात लिहून घेतली होती. ऐनवेळी ‘होईल की हो’ म्हणणारे खूप असतात, म्हणून.

मंगळवारी शाखा उघडल्या. पैसे काढणं, भरणं ठीक. दुपारी नॅचची, म्हणजे बाहेरून एकगठ्ठा येणाऱ्या जमा-वजावटींची फाइल आली आणि अडकली, कारण गॅसचं अनुदान, पगार, विम्याचे हप्ते सगळे जुन्या खाते क्रमांकांवर येत होते. जुना-नवा क्रमांक जोडणारं टेबल तयार होतं, पण त्यात खाते क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यं कुणीतरी एक्सेलमध्ये गमावली होती. चार वाजेपर्यंत दुरुस्त झालं. पासबुकाची छपाई पुढं आठवडाभर एक ओळ खाली सरकत होती. खातेदारांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच.

आता ईडीपीत तीन माणसं कायमची आहेत. बदलीच्या धोरणातून त्यांना वगळल्याचा ठराव आहे. त्यांच्याकडं प्रत्यक्ष प्रणालीची नाही, पण रात्री निघणाऱ्या प्रतीची फक्त वाचण्यापुरती परवानगी आहे. सोनेतारणाची ती यादी आता ते चहाआधी काढतात. वही लिहिणारी मुलगी दर सहा महिन्यांनी कंपनीकडून येणारी डेटा डिक्शनरी तपासते, आणि पहिल्याच वेळी तिनं ती अपुरी म्हणून परत पाठवली. कंपनीबरोबर दर महिन्याला आढावा बैठक होते. उपलब्धता एका महिन्यात कमी भरली आणि दंड कापला, तेव्हा विक्री अधिकारी हसला नाही.

जुन्या कंपनीचा विषय मात्र अजून मिटलेला नाही. डेटा नष्ट केल्याचा दाखला त्यांनी पाठवला, पण तो फक्त मुख्य केंद्राचा. पर्यायी केंद्र आणि बॅकअपच्या टेप यांचा त्यात उल्लेख नाही, पोटकंत्राटदाराची सही नाही. पत्र परत केलंय. त्यांचं शेवटचं बिल तोवर अकाउंट्समध्ये पडून आहे, आणि त्यांचा माणूस दर सोमवारी त्याबद्दल विचारायला फोन करतो.